टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत: हलक्या विमानाच्या इंधनवाहिनीचे जोड कसे निवडायचे

माझ्या पहिल्या विमानासाठी इंधनवाहिनीचे जोड विकत घेतले तेव्हा माझी कसोटी एकच होती: निळे दिसतात ना? मोटारींच्या शर्यतीचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून पिशवीभर निळे जोड आणले आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून नळीचं तोंड पसरवायचं यंत्र उसनं घेतलं. सगळं एकमेकांत बसलं. आटे लोण्यासारखे फिरले. टाकीत थोडं पेट्रोल ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या अग्निभिंतीच्या) खाली जमिनीवर तळहाताएवढा डाग. नट आवळला, डाग तेवढाच. आणखी आवळला, तर नळीच नटाच्या आत चिरली.

तेव्हा कळलं की आटे जुळले म्हणजे जोड जुळला असं नाही. प्रत्येक जोडाला दोन टोकं असतात, आणि दोन्ही टोकांचं माप, आट्यांची जात, कोन आणि धातू ठाऊक असल्याशिवाय खरेदीला जायचं नाही. पुढचं सगळं त्यासाठीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे स्वतः विमान बांधणाऱ्यांसाठी आहे. तुमचं विमान कारखान्यातून प्रमाणपत्र घेऊन आलेलं असेल, तर निवड तुमच्या हातात नाहीच: भागांच्या सूचीत जो क्रमांक छापलाय तोच भाग, कागदपत्रांसह, आणि तो बसवायचा अधिकार असलेल्या अभियंत्याच्या सहीने.

काय जवळ हवं

कागद: तुमच्या इंजिनाची बसवणी-पुस्तिका (इंधन आत घेण्याच्या तोंडाचं माप, दाबाची मर्यादा आणि पूर्ण शक्तीला लागणारं इंधन या तीन गोष्टींसाठी), विमानाचा आराखडा, आणि अमेरिकेच्या हवाई प्रशासनाची एसी ४३.१३-१बी ही पुस्तिका. ती फुकट उतरवून घेता येते. नळ्या आणि जोडांवरचा भाग छापून भिंतीवर लावा.

हत्यारं: व्हर्नियर, आटे मोजायची पत्ती, नळी कापायचं चाकाचं कटर, नळीचं तोंड पसरवायचं ३७ अंशाचं फ्लेअर यंत्र, नळी वाकवायचा बेंडर, इंच-पाउंडात वाचता येणारा टॉर्क पाना, आणि उघड्या तोंडाचे पाने. पान्यांची जोडी लागते, एकाने भागत नाही. का ते पुढे.

१. आधी वाट कागदावर काढा

टाकीपासून इंजिनपर्यंत रेघ ओढा. वाटेत येणारी प्रत्येक वस्तू लिहा: टाकीचं तोंड, जाळी, कॉक, गाळणी, पंप, फायरवॉल, दाबमापकाचा फाटा, कार्ब्युरेटर. मग प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते लिहा. माझ्या वहीतला शेवटचा तुकडा खाली आहे. त्यात एएन म्हणजे अमेरिकी सैन्याच्या आर्मी-नेव्ही मानकाचा जोड, ८३२ भिंतीतून आरपार जाणारा, ८१६ एका टोकाला नळीचे आणि दुसऱ्या टोकाला पाइपचे आटे असलेला, -६ हे माप, आणि होज म्हणजे लवचिक रबरी नळी:

फायरवॉल: एएन ८३२-६, पोलादी. पुढे होज: -६, दोन्ही टोकांना मादी नट. कार्ब्युरेटरवर: एएन ८१६-६, पोलादी. कार्ब्युरेटरचं तोंड: १/४ इंच पाइपचे आटे, आतले.

हे लिहायला बसलो तेव्हा दोन जागी माझ्याकडे उत्तरच नव्हतं. त्या दोन जागांसाठी मी आधी अंदाजाने जोड घेऊन ठेवले होते, आणि दोन्ही चुकले होते.

रेघ ओढून झाली की जोड मोजा आणि कमी करायचा प्रयत्न करा. एक कोपरा आणि एक सरळ जोड लावण्यापेक्षा नळी हळुवार वाकवली तर दोन गळतीच्या जागा वाचतात. प्रत्येक काटकोनी कोपरा प्रवाहालाही अडवतो, आणि गरम इंजिनाजवळ असेल तर तिथे वाफ साठायला जागा मिळते.

२. माप: डॅशनंतरचा आकडा

एएन ८१६-६ मधला ६ म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या सोळाव्या भागात. -४ म्हणजे १/४ इंच, -६ म्हणजे ३/८ इंच, -८ म्हणजे १/२ इंच. प्रत्येक आकड्याला ठरलेले आटे असतात: -४ ला ७/१६-२०, -६ ला ९/१६-१८, -८ ला ३/४-१६. यातला दुसरा आकडा म्हणजे एका इंचात किती आटे.

धातूच्या नळीसाठी हा हिशोब सोपा आहे. होजमध्ये गडबड होते, कारण तिथे -६ म्हणजे "-६ नळीच्या जागी लावायचा होज". आतला व्यास ३/८ नसतो. विमानातल्या नेहमीच्या जाळीदार रबरी -६ होजचा तो ५/१६ इंच भरतो. पट्टी लावून "माल चुकीचा आला" म्हणत परत पाठवू नका. मी पाठवला होता, आणि परतीचं भाडंही मीच भरलं.

कार्ब्युरेटर असलेल्या चार सिलिंडरच्या मध्यम इंजिनांना बहुधा -६ पुरतं. पण "बहुधा" वर थांबायचं नाही. पायरी ८ मध्ये प्रवाह मोजायचा आहे.

३. कोन: ३७ की ४५

माझा डाग इथून आला होता.

फ्लेअर जोडात नळीचं तोंड तुतारीसारखं पसरवतात. ते जोडाच्या शंकूवर टेकतं, आणि मागून स्लीव्ह (नळीवर चढवायचं धातूचं कडं) आणि नट त्याला दाबून धरतात. इंधन अडतं ते शंकू आणि तुतारी यांच्या स्पर्शामुळे. आटे फक्त दाबायचं काम करतात. विमानाच्या एएन जोडांचा शंकू ३७ अंशांचा असतो. मोटारींच्या आणि शीतकपाटांच्या नळ्यांचा ४५ अंशांचा. ४५ ची तुतारी ३७ च्या शंकूवर ठेवली की पट्ट्याभर टेकायच्या ऐवजी ती एका बारीक कडेवर टेकते. जितकं आवळाल तितकी ती कड मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतते, आणि एक दिवस नळी तिथेच चिरते.

फसगत अशी की १/४, ५/१६ आणि १/२ इंच नळीला दोन्ही जातींचे आटे एकसारखेच असतात. नट मुकाट्याने चढतो. फक्त ३/८ ला ते वेगळे आहेत: ४५ वाल्यांचे ५/८-१८, एएनचे ९/१६-१८. तिथे नट चढतच नाही आणि माणूस वाचतो. बाकीच्या मापांना डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. उसन्या फ्लेअर यंत्रावर अंश कोरलेले नसतील, तर ते परत करा.

याच कुळात आणखी एक चुलतभाऊ आहे: कारखान्यातल्या हायड्रॉलिक यंत्रांचे जेआयसी जोड. कोन ३७ च, आटेही त्याच मापाचे. पण आट्यांची अचूकता एएनपेक्षा एक पायरी ढिली असते आणि धातूची हमी वेगळी. मोटारशर्यतीच्या बाजारात "एएन" म्हणून विकला जाणारा बराचसा निळा माल नुसत्या मापाने एएन असतो. निळा रंग हे ॲनोडाइझिंग (ॲल्युमिनियमवर विजेने चढवलेला थर) आहे, आणि ते कुणीही करू शकतं. विकत घेताना पिशवीवर पूर्ण भाग-क्रमांक आणि मालाचं प्रमाणपत्र मागा. विक्रेता "सगळं एकच असतं हो" म्हणाला, तर पाकीट खिशातच राहू द्या.

जुन्या साठ्यातला माल मिळाला तर शंकू आणि आटे यांच्यामध्ये बघा. एएनमध्ये तिथे बिनआट्याचा छोटा खांदा असतो. आटे थेट शंकूला भिडलेले असतील तर तो एएनच्या आधीच्या, एसी नावाच्या जातीचा जोड आहे (वरच्या एसी पुस्तिकेशी त्याचा संबंध नाही). बाजूला ठेवा.

४. पाइपचे निमुळते आटे

कार्ब्युरेटर, पंप, गाळणी, कॉक यांच्या तोंडांना बहुधा एनपीटी जातीचे (अमेरिकी पाइप-मानकाचे) निमुळते आटे असतात. इथे शंकू नाही. दर १६ इंचांना १ इंच या हिशोबाने आटे बारीक होत जातात आणि एकमेकांत रुतून अडवतात. राहिलेली फट लेप भरतो.

पहिला घोळ नावाचा. "१/४ इंच पाइप" चे आटे व्हर्नियरवर १३.७ मिमी येतात, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही जास्त! "१/८ इंच" चे १०.३ मिमी. हे नाव पूर्वीच्या पाइपांच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. मोजमापावरून नाव ठरवायला गेलात तर दर वेळी दोन पायऱ्या मोठा जोड मागवाल.

दुसरा घोळ देशांचा. ब्रिटिश पद्धतीचे पाइप-आटे ५५ अंशांचे, एनपीटी ६० अंशांचे. १/४ मापाला एनपीटीचे एका इंचात १८ आटे, ब्रिटिशांचे १९. दोन फेरे आरामात जातात आणि मग जोड अडतो. नवखा माणूस म्हणतो "निमुळतेच आहेत, अडणारच", आणि पाना लावतो. मग खरोखरच आटे जातात, आणि तेही कार्ब्युरेटरचे. हाताने साधारण तीन-चार फेरे गेले पाहिजेत. त्याआधी अडलं तर थांबा आणि आट्यांची पत्ती लावा.

लेप: इंधनाला चालणारा, न सुकणारा किंवा हळू जमणारा पाइप-लेप घ्या. तो फक्त बाहेरच्या आट्यांना लावा, आणि टोकाचे पहिले दोन आटे कोरडे सोडा. नळकाम करणाऱ्यांची पांढरी टेफ्लॉन टेप इंधनवाहिनीच्या आसपासही आणू नका. एका मित्राच्या विमानाची गाळणी उघडली तेव्हा जाळीवर शेवयांसारखे पांढरे धागे पसरले होते. इंजिन उतरताना दोनदा अडखळलं म्हणून आम्ही उघडली होती. टेप आवळताना आट्यांच्या कडेने कापली जाते, आणि तो धागा प्रवाहाबरोबर थेट कार्ब्युरेटरच्या जेटकडे (इंधनाच्या बारीक भोकाकडे) निघतो.

फ्लेअरच्या शंकूला किंवा नटाला मात्र कसलाही लेप नाही. तिथे लेप लागतोय असं वाटलं तर फ्लेअर चुकलंय.

तिसरा घोळ कोपऱ्यांचा. एनपीटी कोपरा हव्या त्या दिशेला आणायचा तर पुढेच फिरवत आणायचा. हाताने घट्ट झाल्यावर दीड ते दोन फेरे एवढीच सोय असते. जरा पुढे गेला म्हणून मागे फिरवलात की लेप तुटतो: काढा, पुसा, पुन्हा लावा. जास्त पुढे रेटलात तर कार्ब्युरेटरचं ओतीव ॲल्युमिनियम तडकतं, आणि ती तडक कधीकधी गरम झाल्यावरच दिसते.

काही पंपांची तोंडं सरळ आट्यांची आणि ओ-रिंगची (रबरी कड्याची) असतात, आणि त्यांचे आटे त्याच मापाच्या फ्लेअर जोडासारखेच असतात. फ्लेअरचं टोक त्यात जातं, पण तिथे अडवणारं काहीच नसतं. पुस्तिकेत बघून घ्या.

५. धातू, आणि फायरवॉलची सीमा

भाग-क्रमांकाच्या शेवटी डी असेल तर ॲल्युमिनियम मिश्रधातू (ते निळे), काहीच अक्षर नसेल तर पोलाद. फायरवॉलच्या मागे, केबिनच्या आणि पंखांच्या बाजूला ५०५२-ओ जातीची ॲल्युमिनियम नळी आणि निळे जोड ठीक. नळीची जाडी नेहमी ०.०३५ इंच. तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून मोह होतो, पण ती थरथरीने कडक होत जाते आणि तडकते.

फायरवॉलमधून जाणारा जोड आणि त्यापुढचं सगळं पोलादी घ्या. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. विमानांच्या नियमांत "अग्निरोधक" म्हणजे १०९० अंशांच्या आसपासच्या ज्वाळेत १५ मिनिटं टिकणारं. वजनाचा फरक मुठीत धरलात तरी जाणवायचा नाही.

दाबमापकाकडे जाणाऱ्या फाट्यावर बारीक भोकाचा जोड लावा, भोक साधारण १ मिमीचं. त्या नळीतून प्रवाह जायचा नसतो, फक्त दाब पोचायचा असतो. ती नळी उद्या तुटली तर बारीक धार येईल, लोंढा नाही.

६. होज

इंजिन रबरी पायांवर हलत असतं, फायरवॉल हलत नाही. त्या दोघांमध्ये ताठ नळी लावायची नाही, होजच लावायचा. लांबी मोजताना तो ताणून मोजू नका: दाबाखाली होज आखडतो, म्हणून ५ ते ८ टक्के सैल ठेवतात. होजवर लांबीभर एक रेघ छापलेली असते. बसवल्यावर ती रेघ सरळ दिसली पाहिजे. गोल फिरत गेली असेल तर होजला पीळ पडलाय, आणि तो पीळ नट सैल करत राहील.

टोकं स्वतः बसवणार असाल तर एक गोष्ट जवळून बघून ठेवा. होजच्या टोकाचा आतला दांडा रबरात घुसवताना तिरका गेला, तर तो आतल्या अस्तराची चकती तासतो. ती पूर्ण सुटत नाही, एका बाजूला लोंबत राहते, दारासारखी. इंजिन बंद असताना ते दार उघडं, आणि प्रवाह वाढला की मिटतं. जमिनीवर इंजिन उत्तम चालतं, आणि पूर्ण शक्ती मागितली की गुदमरतं. बसवून झाल्यावर दिव्याच्या उजेडात दोन्ही टोकांकडून आत बघा, आणि भोकापेक्षा जरा लहान पोलादी गोळी सोडून बघा. आपल्या वजनाने घरंगळत बाहेर आली पाहिजे. अजून भीती वाटत असेल तर तयार, दाब-तपासलेले होज मागवा. मी आता तेच करतो.

रोटॅक्स ९१२ सारख्या इंजिनांना इंधनाची तोंडं साध्या खाचांच्या दांड्याची असतात, होज वरून चढवून पट्टा आवळायचा. तिथे खाचांच्या स्क्रूपट्ट्याऐवजी कडा गोल केलेला, सगळीकडून सारखा दाबणारा पट्टा घ्या. स्क्रूपट्ट्याच्या खाचा मऊ रबर चावतात. रोटॅक्सच्या वेळापत्रकात रबरी होज दर ५ वर्षांनी बदलायचे असतात, उड्डाण झालं असो वा नसो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर होजवर त्याला चालत असल्याचं छापलेलं हवं. साधं रबर फुगतं आणि आतून पापुद्रे सोडतं.

इंजिनाच्या बाजूच्या होजवर अग्निरोधक सिलिकॉनचं वेष्टन हवं, आणि त्याची टोकं बंद केलेली. उघडी राहिली तर वेष्टन तेल शोषून वात होऊन बसतं.

७. फ्लेअर करणं आणि आवळणं

नळी कापा, आतली-बाहेरची धार काढा, कीस फुंकून बाहेर काढा. नट आणि स्लीव्ह नळीवर चढवा. मग फ्लेअर करा. हा क्रम मोठ्याने म्हणत करा, कारण सुंदर फ्लेअर झाल्यावर नट बाकावर पडलेला दिसणं हा प्रत्येकाच्या नशिबी असलेला प्रसंग आहे. माझ्या नशिबी तीनदा.

चांगलं फ्लेअर आरशासारखं गुळगुळीत असतं. त्याची कड स्लीव्हच्या आतल्या कडेपलीकडे जाते, बाहेरच्या कडेपलीकडे नाही. भिंगाखाली केसाएवढी रेघ दिसली तरी कापून नव्याने करा. नळी थोडी जास्त लांब का ठेवायची ते इथे कळतं.

दोन जोडांमध्ये नळी कधीही नाकासमोर सरळ नको, एक तरी वाक हवा. वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या साधारण तिप्पट धरा. ३/८ नळीला दर १६.५ इंचांच्या आत रबरी गादीच्या पट्ट्याचा आधार द्या. आणि विजेच्या तारा तिला बांधू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

नळी हाताने जोडावर टेकते का ते नट लावण्याआधी बघा. नटाने ओढून आणावी लागत असेल तर पुन्हा वाकवा. मग हाताने पूर्ण चढवा, एक पाना जोडावर धरून ठेवायला, दुसरा नट फिरवायला. ॲल्युमिनियम नळीसाठी टॉर्क: १/४ ला ४० ते ६५ इंच-पाउंड, ३/८ ला ७५ ते १२५, १/२ ला १५० ते २५०. पोलादी नळीचे आकडे बरेच वर आहेत. ते ॲल्युमिनियमला लावलेत तर फ्लेअर चिरडेल.

गळलं तर आवळू नका. सैल करा, उघडा, बघा. गळणारा जोड आवळून थांबला तर तो दुसऱ्या दिवसापर्यंतच थांबतो, हे माझ्या त्या तळहाताएवढ्या डागाने मला शिकवलं.

८. प्रवाह मोजा, मग गळती बघा

अमेरिकी नियमावलीच्या भाग २३ मध्ये (छोट्या विमानांच्या नियमांत) बरीच वर्षं असलेला दंडक आजही सगळे वापरतात: इंधन गुरुत्वाने येत असेल तर पूर्ण शक्तीला लागणाऱ्या इंधनाच्या १५० टक्के प्रवाह मिळाला पाहिजे, पंपाने येत असेल तर १२५ टक्के. समजा इंजिन पूर्ण शक्तीला तासाला २७ लिटर पितं. गुरुत्वाच्या व्यवस्थेत तासाला ४०.५ लिटर हवं, म्हणजे मिनिटाला ६७५ मिलिलिटर. पंपाच्या व्यवस्थेत मिनिटाला सुमारे ५६० मिलिलिटर.

विमानाचं नाक चढताना असेल तेवढं वर उचला, टाकीत तळापुरतंच इंधन ठेवा, कार्ब्युरेटरजवळचा होज सोडून मोजपात्रात धरा. आजूबाजूला ठिणगी पडेल असं काही नको, मोजपात्र धातूचं घ्या, ते आणि विमान एकमेकांना आणि जमिनीला तारेने जोडा, अग्निशामक हाताशी ठेवा. आकडा कमी आला तर पहिला संशय कोपऱ्यांवर, दुसरा टाकीच्या हवेच्या भोकावर. माझं पहिल्यांदा कमी आलं ते हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केल्यामुळे. जोड तीनदा उघडून झाल्यावर ते सापडलं.

गळतीसाठी डोळ्यांपेक्षा कागद चांगला. विमानाचं १०० एलएल पेट्रोल निळं असतं आणि जोडही निळे, त्यामुळे डाग जोडावर दिसतच नाही. प्रत्येक जोड कोरडा पुसा, त्याभोवती पांढऱ्या टिशूचा तुकडा गुंडाळा, कॉक उघडा, पंप असेल तर थोडा वेळ चालवून बंद करा आणि रात्रभर जवळपास कुणाला आग आणू देऊ नका. सकाळी टिशू बघा. मग इंजिन गरम होईपर्यंत जमिनीवर चालवा, थंड होऊ द्या आणि तोच खेळ पुन्हा. ज्या जोडाचा टिशू दोन्ही वेळा पांढरा राहिला, त्याच्या नटावरून जोडावर तपासणीच्या रंगाची एक रेघ ओढा आणि वहीत त्या जोडापुढे तारीख घाला. पहिल्या १० तासांच्या उड्डाणानंतर झाकण उघडाल तेव्हा आधी त्या रेघा बघा. एखादी तुटलेली दिसली, तर तो जोड फिरलाय.